पहार लावायची नाही

"पट्ट्याला पहार लावलीस तर याद राख," मी दादाला म्हणाले आणि पहारीवर पाय देऊन उभी राहिले.

शेडमध्ये आम्ही तिघंच होतो: मी, माझा मोठा भाऊ आणि आजारपणापासून खुर्चीला खिळलेले बाबा. समोर आमचं चिपर, म्हणजे कापलेल्या झाडांचे ओंडके गिळून भुगा करणारं धूड. इंजिनाचा जोर पात्यांना देणारा त्याचा रुंद पट्टा दोन महिन्यांत दोनदा तुटला होता. तिसरा, नवाकोरा, माझ्या खांद्यावर होता. किंमत ऐकून दादाने दुकानदाराला विचारलं होतं, "सोन्याचा मुलामा दिलाय का?"

चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. दादाने परस्पर ठरवून टाकलं होतं: पट्टा चढवायचा, मशीन चालवून दाखवायचं आणि विकून मोकळं व्हायचं. आधीचे दोन्ही पट्टे त्यानेच चढवले होते, पण त्याच्या मते ते मी खाल्ले. मी जाड ओंडके घालते, मला अंदाज नाही, हे बायकांचं कामच नाही. झाडावर चढते मी, करवत चालवते मी, आणि अंदाज नाही म्हणे मला!

"अगं, पुलीवर टेकवायचा, पहार घालायची, एक हिसका द्यायचा. पाच मिनिटांचं काम. बाबांनी जन्मभर असाच चढवला."

"तिथंच चुकलं," मी म्हणाले.

बाबांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर त्यांची चूक काढायची आमच्या घरात पद्धत नाही. पण माझं तोंड काही थांबेना. कोपऱ्यातला तुटका पट्टा ओढून आणला, सुरीने उभा चिरला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. वरचं रबर धड होतं. आतले दोरे मात्र एका कडेला तुटलेले, जिथे पहारीचं टोक रुततं नेमके तिथेच.

"बाबा, जुन्या मशीनचे सुटे बारीक पट्टे हिसका सोसायचे. या रुंद पट्ट्याचे आतले दोरे तुटतात आणि बाहेरून कळतही नाही. चार दिवस चालतो नि जातो. पट्टे मी नाही, पहारीने खाल्ले."

"आली मोठी शहाणी," दादा म्हणाला. बाबा नुसता अंगठा दोऱ्यांवरून फिरवत राहिले.

मी कामाला लागले. इंजिनाचे चारही बोल्ट सैल केले, ताणाचा स्क्रू उलटा फिरवला, इंजिन आत सरकवलं. पट्टा हातानेच पुलीत अलगद बसला. मग इंजिन मागे घेत ताण दिला. दोन तास गेले, बोटांची सालटी निघाली. दादा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. आता दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघायचं होतं.

"दादा, हे टोक धर."

"मी नाही धरणार."

"पहार दे इकडे," बाबा म्हणाले.

एवढं करून शेवटी तेच? मी नाही म्हणेपर्यंत दादाने ती त्यांच्या हातात दिलीसुद्धा. बाबांनी पहार जमिनीवर टेकवली, तिच्यावर भार टाकला आणि उठले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, कुणाचा हात न धरता. लंगडत आले आणि दोरीचं टोक धरलं.

"पाव बोट तिरकं आहे. उजवीकडे घे."

घेतलं. डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून तशीच बोल्ट आवळत राहिले.

चार वाजता गिऱ्हाईक आलं. मी ढिगातला सगळ्यांत जाड ओंडका घातला. मशीनने तो कुरकुर न करता गिळला. माणूस खूश झाला.

"बोला, मालक कोण?"

दादा पुढे सरसावला. बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या पहार त्याच्या वाटेत आडवी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हणाले. "मशीन विकायचं नाही. जरा लांब उभे राहा, भुगा उडतो."

आणि दुसरा ओंडका उचलला.