पायात चपला घालून

"शब्द देशील तेव्हा पायात चपला असू देत, पोरी. अनवाणी माणसाचा शब्द उंबऱ्यापाशीच बसून राहतो."

चपला दुरुस्त करणारे वडील दोरा ओढता ओढता हे सांगायचे. सगळी वस्ती ऐकून हसायची. हळूबाईने मात्र ते मनाशी गाठ मारून ठेवलं होतं.

वडिलांची आरी आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा आता तिच्याकडे होती. ती इतकं हळू बोलायची, की गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलं. पहाटेची प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम लग्नाआधीपासूनचा. अंगात ताप असतानाही तो मोडला नव्हता. म्हणूनच आज प्रार्थनाघरात गुरुजींची नजर तिच्यावर येऊन थांबली.

"ज्याने चोच दिली, तो चाराही देईल," गुरुजी म्हणाले. "घरं भरू द्या. देव देईल तितकी लेकरं होऊ देईन, असा शब्द प्रत्येकीने उभं राहून द्यायचा. हळूबाई, तुम्ही नेमाच्या. आधी तुम्ही उठा, मागून तुमची जाऊ उठेल."

धाकट्या जावेने मांडीवरचं बाळ घट्ट धरलं. हे पाचवं. या खेपेला ती मरता मरता वाचली होती. 'पुन्हा दिवस गेले तर माझ्या हातात काही नाही, ऑपरेशन करून घ्या,' असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. एका खोलीत सात माणसं, दिराची हमाली, आणि निम्मी पोरं जेवायच्या आतच पातेलं खरवडायची वेळ.

परवाच ती तुटकी चप्पल घेऊन कोपऱ्यावर आली होती.

"ताई, अजून एक टाका घाला ना."

"अगं, टाके घालून घालून चाळण झालीय. आता सुई टोचली की चामडंच फाटेल."

जाऊ खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझंही तसंच झालंय. पण गुरुजींनी चारचौघांत विचारलं, तर 'नाही' निघायचं नाही माझ्या तोंडून. यांच्याही नाही. तुम्ही न्याल मला दवाखान्यात?"

हळूबाई तेव्हा पथारीवर अनवाणी बसली होती. तिने शब्द दिला नव्हता.

आता ती उठली. पण पुढे जायचं सोडून दाराकडे निघाली.

"अगंबाई, ही तर पळाली!" मागून कोणीतरी कुजबुजलं.

दारातल्या ढिगातून तिने आपल्या चपला शोधल्या, पायात सरकवल्या, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून वळली.

"गुरुजी, मी शब्द देते."

"मोठ्याने बोला, बाई. ऐकू येत नाही."

"मोठ्यानं मला जमत नाही. तुम्हीच जरा गप्प राहा."

बायकांच्या रांगेत पदराआड खसखस पिकली, आणि मग अगदी शांत झालं.

"देवानं लेकरं दिली, ती शिरसावंद्य. पण त्याआधी त्यानं त्यांची आई दिली. दिलेलं सांभाळायचं, एवढंच मला कळतं. माझ्या जावेला मी आज दवाखान्यात नेईन. ऑपरेशन होईपर्यंत तिथून हलणार नाही."

"हा अधर्म आहे!"

"असेल तर माझ्या माथी. पहाटे देवाशी बोलतेच मी. उद्याही बोलेन."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माझी नऊ बाळंतपणं झाली, गुरुजी. हाती राहिले दोन. तेव्हा अशी जाऊ नव्हती मला." मग पुरुषांच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, "काय रे, खाली काय बघतोस? घरी जा, चौघांना जेवू घाल."

दिराने मान वर केली. "जा गं तू," तो बायकोला म्हणाला. "मी बघतो पोरांचं."

जाऊ बाळाला घेऊन दारात आली आणि आपली तुटकी चप्पल शोधू लागली. सासूबाई वाकल्या. स्वतःच्या जाड तळव्यांच्या चपला त्यांनी सुनेच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

"या घाल. तुझ्या तर वाटेतच तुटतील."

"आई, आणि तुम्ही?"

"मला कुठं शब्द द्यायचाय! मी जाईन अनवाणी."

आतून आणखी एक बाई उठली. तिच्या मागून दुसरी. दोघी ढिगातून आपापल्या चपला शोधू लागल्या.

हळूबाईने बाळ खांद्यावर घेतलं, आणि जावेच्या पावलाला पाऊल जुळवत ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली.