विहिरीतलं पोहणं

रोइंगच्या मशीनवर मी कॉलेजातल्या सगळ्या मुलींच्या पुढे होते. ओढून ओढून तळहाताला घट्टे पडले, आणि तरीही मला होडीत पाय ठेवू देत नव्हते. कारण आमचे प्रशिक्षक पितांबर सरांचा नियम. आधी तलावात पोहून दाखवायचं, मग वल्हं हातात.

"पोहता येतं का?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा मला हसूच आलं. अमळनेरकडच्या शेतकऱ्याची पोर मी. आमच्या मळ्यातल्या विहिरीत धाडकन उड्या मारत लहानाची मोठी झाले.

"येतं म्हणजे काय, सर!"

मेहरूणच्या तलावात पन्नास मीटर सरळ जायचं होतं. सरळच निघाले. डोकं वर काढलं, तर जिथून निघाले त्याच काठाकडे मी परत चाललेली. दुसऱ्यांदाही तेच. काठावरून महेक खदाखदा हसली.

"मेघा, प्रदक्षिणा घालतेस का गं?"

ही महेक जळगावची, स्विमिंग पूलमध्ये शिकलेली. पट्टीने आखल्यासारखी पोहते. मशीनवर मात्र तिची लगेच दमछाक होते. तरी होडी तिला मिळाली, मला नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

"चौघींच्या होडीत एकच जागा उरलीय," सर म्हणाले. "शनिवारी शेवटची संधी. नाहीतर दुसरी मुलगी घेतो."

रात्री आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. त्यांना सगळं सांगितलं.

"तू ते विहीरमा बठ्ठास्ना पुढे ऱ्हास ना? मंग तठे काय व्हयनं?"

विहिरीत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या मला तलावात काय व्हयनं, ते मलाच कळत असतं तर! मी उगाच त्यांच्यावर चिडले आणि फोन ठेवला.

शनिवारी सरांनी सुरक्षेसाठी शिकाऊ होडी सोबत दिली. महेक आणि तिच्याच होडीतली रुखसार वल्ही मारत माझ्या बाजूने चालल्या. मी समोरच्या काठावरच्या बाभळीवर नजर रोखली आणि हात मारायला लागले. या वेळी वळले नाही. निम्म्याच्या पुढे गेले असेन, आणि अचानक हात काहीतरी शोधायला लागले. विहिरीत चार हात मारले की भिंतीचा दगड लागतो. धरायचं, दम घ्यायचा, पुन्हा निघायचं. इथे नुसतं पाणी, जिकडे हात घालावा तिकडे पाणीच. मी शेजारची होडी धरली.

दोघींनी मला वर ओढलं. मी धापा टाकत मधल्या फळीवर बसले.

"धरलीस कशाला? थोडंच राहिलं होतं!" महेक जवळजवळ रडकुंडीला आली होती.

"मला पोहता येत नाही, महेक," मी म्हटलं. "भिंतीपर्यंत जाता येतं फक्त."

तिने आपलं वल्हं माझ्याकडे सरकवलं. तेवढ्यात काठावरून सर ओरडले, "तिला वल्हं द्यायचं नाही!"

महेकने ते परत घेतलं. दोघींचा मेळ जमेना, होडी डुगडुगत वाकडीतिकडी चालली. रुखसारचं वल्हं उशिरा पडत होतं, महेक घाई करत होती. ओढ कुठे द्यायची, सोडायचं केव्हा, सगळं मला अंगात कळत होतं. दोन्ही हात मांडीत दाबून मी काठ येईपर्यंत गप्प बसून राहिले.