ओळखीची साखर

कुणाच्या आयुष्याचा किती भरवसा धरायचा, हे ठरवण्याचं काम नीलकंठराव खांबेटे बावीस वर्षं करत होते. विमा कार्यालयात त्यांच्या टेबलावर लोकांचे अर्ज यायचे आणि सोबत डॉक्टरांचे अहवाल. वजन किती, रक्तदाब किती, बाप कशानं गेला, आई कशानं गेली. ते वाचून शेरा मारायचा, याचा विमा घ्यावा, याचा घेऊ नये. लघवीत साखर निघाली की नीलकंठरावांचा हात आखडायचा. आधी सातारा, मग इंदूर आणि आता सहा वर्षं जयपूर, बदल्या झाल्या, पण काम तेच राहिलं.

आणि त्यांच्या स्वतःच्याच घरात साखर ठाण मांडून बसली होती. पत्नी प्रतिमाबाईंना मधुमेह जडून आठ वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी आदर्श नगरातल्या त्या भाड्याच्या घरात नीलकंठराव स्पिरिटचा दिवा पेटवत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळी. निळं राहिलं तर उत्तम, हिरवट झालं तर चालेल. पिवळं, नारिंगी, विटकरी होत गेलं तर घोर लागावा. गेली चार वर्षं नळी हिरव्याच्या पुढे गेली नव्हती.

त्याचं निम्मं श्रेय प्रतिमाबाईंच्या धाकट्या भावाचं. प्रल्हाद शिकागोला असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तो बहिणीसाठी गोळ्यांची बाटली पाठवी. मसुरीएवढी पांढरी गोळी, चहात टाकली की बुडबुडे सोडत विरघळायची. साखर नाही, पण गोड. डॉक्टर उपळेकरांनी बाटली वाचून "घ्या खुशाल" म्हटलं होतं. प्रतिमाबाई हसून म्हणायच्या, "साखरेची सख्खी नाही, पण चुलत बहीण आहे हो." दिवसातून तीन कप चहा, एवढीच त्यांची चैन उरली होती.

एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात, दिवाळी तीन आठवड्यांवर असताना, सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी आली. त्या गोळ्यांत जे द्रव्य असतं त्यावर अमेरिकेत बंदी. ते भरपूर खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात कर्करोगाच्या गाठी सापडल्या.

नीलकंठरावांनी ती बातमी उभ्याउभ्या दोनदा वाचली. मग आत जाऊन फडताळातली बाटली काढली, मोरीत उपडी केली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं.

"अहो, हे काय?" प्रतिमाबाई चहाचा कप हातात धरून दारात उभ्या होत्या.

"ओतून टाक तो चहा. आजपासून ही गोळी बंद."

त्यांनी बातमी वाचून दाखवली. कर्करोग हा शब्द मात्र त्यांना उच्चारवेना, तिथे ते नुसतं "गाठी" म्हणाले. त्यांची थोरली बहीण अनुसया त्याच रोगानं गेली होती. मिरजेच्या इस्पितळात अकरा महिने नीलकंठराव तिच्या उशाशी होते, तेव्हा त्यांचं वय चोवीस. शेवटी शेवटी अनुसया पाणी मागायचीही थांबली होती. ते अकरा महिने त्यांनी बायकोलासुद्धा कधी नीट सांगितले नव्हते.

"उपळेकरांना विचारू या का?" प्रतिमाबाई म्हणाल्या.

"त्यांनीच तर घ्या म्हणून सांगितलं होतं. आता काय सांगणार ते?"

पहिले चार दिवस प्रतिमाबाईंनी बिनगोड चहा पिऊन पाहिला. दोन घोट घ्यायच्या आणि कप ठेवून द्यायच्या. बोलणं कमी झालं. जेवणावरची वासना गेली. एकदा नीलकंठराव कचेरीतून आले तर त्या स्वयंपाकघरात पाटावर गार चहा पुढ्यात घेऊन नुसत्या बसलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. दिवसाला चवच नाही राहिली बघा."

त्या संध्याकाळी नीलकंठरावांनी आपल्या हातानं चहा केला आणि बायकोच्या कपात दोन चमचे साखर घातली.

"अहो, साखर?"

"दोन चमच्यांनी काय होतंय? साखर आपल्या ओळखीची आहे. काय करते, कशी करते, सगळं ठाऊक आहे. त्या गोळीचं कुणालाच काही ठाऊक नाही."

प्रतिमाबाईंनी कप ओठाला लावला आणि डोळे मिटले. नीलकंठरावांना फार बरं वाटलं. आपण तिला एका मोठ्या संकटातून बाहेर ओढलं, असंच त्यांना वाटलं.

दोनाचे तीन चमचे कधी झाले, कळलं नाही. मग दिवाळी आली. शेजारच्या माथूरांकडून मिठाईचा डबा आला, घरी करंज्या झाल्या. इतकी वर्षं प्रतिमाबाई फराळाच्या ताटाकडे पाहून "मला नको" म्हणायच्या. या वर्षी त्यांनी अर्धी करंजी घेतली, मग उरलेली अर्धी. कुणी अडवलं नाही. चेहऱ्यावर तरतरी होती, मुलीशी हसणंबोलणं होतं.

पाडव्यानंतरच्या रविवारी नीलकंठरावांनी नळी उकळली. औषध नारिंगी झालं. ते बराच वेळ नळी उजेडाकडे धरून उभे राहिले.

"काय आलं?" आतून प्रतिमाबाईंनी विचारलं.

"हिरवट."

दिवाळीचं खाणं आहे, उतरेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढच्या रविवारी स्पिरिट संपलं म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी कचेरीचं काम काढलं. दुसऱ्याच्या अर्जावर अशी एक रविवारची टाळाटाळ दिसती, तर त्यांनी लाल शाईनं खूण केली असती.

नोव्हेंबर सरता सरता अलका, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, आईला घेऊन जयपूरजवळच्या बगरू गावी गेली. तिच्या मैत्रिणीच्या लग्नासाठी छापाच्या चादरी घ्यायच्या होत्या. प्रतिमाबाईंनी हौसेनं नवी चामडी जूती घातली. छिप्यांच्या, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या, अंगणात वाळत घातलेली कापडं बघत दोघी दोनतीन तास चालल्या. परत आल्यावर जूती काढली तर डाव्या करंगळीखाली फोड फुटलेला आणि आत रक्त सुकलेलं.

"दुखलं नाही?" नीलकंठरावांनी विचारलं.

"मला काही कळलंच नाही. अलकानं दाखवलं तेव्हा बघितलं."

हळद लावली, पट्टी बांधली. तीन दिवसांनी बोट काळपट दिसू लागलं. पाचव्या दिवशी सकाळी अलका कचेरीत धावत आली. धापा टाकत म्हणाली, "बाबा, आईला ताप आहे. आणि पाय... मतलब, वास येतोय पायाला. बाहेर रिक्षेवाल्या भैयाला थांबवलंय, चला ना."

डॉक्टर उपळेकर सरकारी इस्पितळात होते. मूळचे वाईचे, म्हणून खांबेट्यांशी घरोबा. त्यांनी पट्टी सोडली, पाय पाहिला, रक्त तपासायला पाठवलं आणि तासाभरानं नीलकंठरावांना व्हरांड्यात बोलावलं.

"खांबेटे, साखर आभाळाला टेकलीय. कधीपासून?"

नीलकंठरावांनी सगळं सांगितलं. बातमी, मोरी, दोन चमचे, करंज्या, नारिंगी नळी. अनुसयेचंही सांगितलं. बोलताना ते व्हरांड्याच्या फरशीकडे बघत होते.

"माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्ही साखरेला नाही म्हणाला असतात तर?"

उपळेकर म्हणाले, "ती गोळी निर्धोक होती असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. मलाही ठाऊक नाही. त्या उंदरांएवढं खायचं तर वहिनींना रोज शेकड्यांनी गोळ्या गिळाव्या लागल्या असत्या. झालं असतं तर वीस वर्षांनी काही झालं असतं, कदाचित. साखरेच्या बाबतीत ‘कदाचित’ नसतं."

"म्हणजे माझ्या दोन चमच्यांनी..."

"दोन चमच्यांनी पाय नाही जात. आठ वर्षांच्या दुखण्यानं पायाची जाणीव आधीच गेली होती. पण तुम्ही साखरेला घरात बोलावून पाट मांडलात, खांबेटे. मग ती दोन चमच्यांवर कशी थांबेल?"

इन्सुलिनच्या सुया चालू केल्या, करंगळी काढली. पण सडणं आवरेना. आठव्या दिवशी डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर दोन दिवस प्रतिमाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अलका जेवायला घरी गेली, तेव्हा नीलकंठराव स्टूल ओढून जवळ बसले.

"त्या रविवारी नळी हिरवी नव्हती. नारिंगी होती."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तुम्ही इतका वेळ हिरव्याकडे कधी बघत नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. "मी तरी कुठे पुन्हा विचारलं? डॉक्टरांकडे चला म्हणून हट्ट धरला असता तर तुम्ही आला असतात. पण ते गोड बंद करायला लावतील, म्हणून मी गप्प बसले. गाठीची भीती तुम्हाला होती. मला गाठीची नव्हती हो. मला फक्त चहा हवा होता."

नीलकंठरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

कडाक्याच्या थंडीत प्रतिमाबाई घरी आल्या. निघताना उपळेकरांनी बजावलं होतं, आता उजवा पाय जपायचा. रोज बोटांच्या बेचक्यांतून, टाचेखालून, सगळीकडून बघायचं. त्यांना कळणार नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

ते काम नीलकंठरावांनी घेतलं. रोज सकाळी अंगणात ऊन आलं की खुर्ची ठेवायची, कोमट पाण्यानं पाय धुवायचा, मऊ फडक्यानं टिपायचा आणि एकेक बोट विलग करून बघायचं. प्रतिमाबाई तोवर समोरच्या कुंपणाकडे बघत बसायच्या. दोघांत या वेळी बोलणं नसायचं. फक्त शेवटी त्या विचारायच्या, "आहे काही?" आणि ते म्हणायचे, "नाही."

पंधराएक दिवसांनी एका सकाळी टाचेच्या कडेला नीलकंठरावांना एक चीर दिसली. थंडीनं फुटलेली, केसाएवढी. रक्त नव्हतं. त्यांनी पाय उन्हाकडे वळवून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"आहे काही?"

"आहे," ते म्हणाले. "टाचेला चीर पडलीय."

प्रतिमाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मोठी आहे?"

"बारीक आहे. पण आहे."

त्यांनी पाय फडक्यात गुंडाळला, अलकाला हाक मारून रिक्षा आणायला सांगितलं आणि कुबड्या घ्यायला आत गेले.