पिवळ्या दिव्याची साक्ष

मी भंगारात निघालेला एक जुना पिकअप ट्रक बोलतोय. इंजिन काढून नेलंय, त्यामुळे खरा आवाज उरलेला नाही. पण मनावर एक ओझं आहे, ते उतरवून मग तुटायला जाईन म्हणतो.

माझा जन्म परदेशातला. पोलाद कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आलेल्या इंजिनिअरांबरोबर मी भिलाईला आलो. ते गेले आणि मी लिलावात निघालो. तिथल्या पावर हाउस भागातल्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या कृष्णरावांनी मला घेतलं आणि भंडाऱ्याकडच्या कवडूला ड्रायव्हर ठेवलं.

माझ्यात एक नवल होतं. इंजिनात बिघाड झाला की समोर पिवळा दिवा लागायचा. बॉनेटखालची दोन टोकं वायरनं जोडली की तोच दिवा लुकलुकून बिघाडाचा नंबर सांगायचा. इथल्या कुठल्या गाडीला हे येत होतं? मला त्याचा भारी तोरा होता.

कवडू मला जिवापाड जपायचा. भिलाईत विश्वकर्मा पूजेला पान्या-पकडीलाही हार मिळतो. कवडू तर बॉनेटच्याही आधी माझ्या पेट्रोल टाकीच्या झाकणाला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा. "ज्या तोंडानं गाडी खाते, त्याले पयला मान," म्हणायचा. मागच्या वर्षीचा शेंदूर तो कधी खरवडत नसे. देवाचं लेणं काढायचं नसतं, ही त्याची समजूत.

तिसऱ्या पूजेनंतर मला धाप लागू लागली. जामुलच्या कारखान्यातून सिमेंट भरून निघालो की अर्ध्या तासात इंजिन गुदमरून बंद पडायचं. कृष्णराव स्वतः मला जवळच्या सिविक सेंटरपर्यंत न्यायचे तेव्हा काहीच नाही. पंपावर टाकी भरली की मी तर एकदम तरतरीत.

मेकॅनिक दीनानाथनं प्लग बदलले, फिल्टर बदलला. शेवटी वायर जोडली. मी दोनदा लुकलुकलो, थांबून पाचदा. त्यानं परदेशी लोकांनी मागे ठेवलेलं पुस्तक उघडलं.

"पंचवीस नंबर. इंजनले पेट्रोल पुरून नाही राहिलं, भाऊ."

"पंपावर भरलं की चालते अन् याच्या हातात बंद पडते," कृष्णराव कवडूकडे बघत म्हणाले. "हा पेट्रोल विकून मिट्टीतेल टाकून राहिला."

"मी असं कावून करीन जी? लेकरावानी हाय मले हे गाडी!"

चावी काढून घेतली गेली. बाजारात रॉकेलच्या भेसळीचा बोभाटा झाला आणि कवडूला कुणी गाडीवर ठेवेना. मी खरं तेच सांगितलं होतं, पण अर्धंच. पेट्रोल का पोचत नाही, हे माझ्या दिव्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून माझा तोरा उतरला.

नवा ड्रायव्हर आला, तरी मी जामुलच्या रस्त्यावर बंदच पडलो. त्या दिवशी कृष्णराव शेजारी होते. टाकीत काडी घालून पेट्रोल बघावं म्हणून त्यांनी झाकण फिरवलं, तर सूं करून हवा आत ओढली गेली. मी लगेच सुरू झालो. नंतर दीनानाथनं सुईनं शेंदूर खरवडला. खाली हवा आत जाण्यासाठी एक बारीक छिद्र होतं, ते थरांखाली बुजून गेलं होतं. हवा आत शिरेना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. पंपावर झाकण उघडलं की ती शिरायची, म्हणून तिथून मी तरतरीत निघायचो.

कवडू तेव्हा स्टेशनबाहेर सायकलरिक्षा ओढत होता. कृष्णराव मला घेऊनच तिथं गेले आणि भर रस्त्यात त्यांनी हात जोडले. "चुकलं माहं, कवडू. चावी घे."

कवडूनं आधी झाकण पाहिलं, छिद्रावरून बोट फिरवलं. "म्हंजे मीच इचा गळा दाबून राहिलो होतो," म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग गमछ्यानं डोळे पुसले.

"चावी नको, मालक. राग नाही. पण मी गाडी लावून गेलो का तुमी झाकण उघडून मिट्टीतेलाचा वास घ्यान, हे मले रोज वाटत राहीन."

तो रिक्षाकडे परत गेला. दर विश्वकर्मा पूजेला मात्र यायचा, बॉनेटला शेंदूर लावायचा आणि झाकण कोरडं ठेवायचा.

वाचकहो, दिवा बिघाड सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. माणसावर बोट रोखण्याआधी एकदा झाकण उघडून बघत जा, एवढंच मागणं.

यंदाच्या पूजेलाही कवडू या भंगाराच्या अंगणात आला होता. जाताना भंगारवाल्याकडून त्यानं माझं झाकण मागून घेतलं. बाकीचा मी उद्या तुटायला जातोय.