रंगूच्या दाराची कडी

"कडी घालू नको गो, मी येतो."

मित्रांनो, हे शब्द मी ऐकले तेव्हा पंच्याण्णव साल होतं. मी एक जुनी लोखंडी कडी आहे, टोकावड्याजवळच्या एका कौलारू घराच्या दाराला आतून लावलेली. मुरबाडच्या लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून घडवलं. घरधनी देवरामने मला दारावर ठोकलं आणि हसत म्हणाला, "ही माझ्यानंबी उघडायची नाय."

खरं तर त्याच्या हातून उघडणार नाही अशी कडी नव्हतीच. देवराम घरफोड्या होता. वाशिंदच्या नव्या चाळी असोत की शहापुरातले बंगले, फटीतून तार घातली की माझ्या बहिणी मुकाट खाली यायच्या. मला त्याची लाज वाटे. पण त्याची बायको रंगू मला सणासुदीला पदराने पुसायची. तेवढंच माझं कौतुक.

त्या दिवशी "येतो" म्हणून गेला, तो पकडलाच गेला. जुने-नवे गुन्हे मिळून नऊ वर्षांची शिक्षा झाली.

नऊ वर्षं मला कोणाचा हात लागला नाही. कुत्रं शिरू नये म्हणून रंगू दाराला नुसता वरवंटा टेकवायची. माणसाने ढकललं तर सरकेल, एवढाच. शेजारणींना मात्र ठणकावून सांगायची, "आला तर तोंडावर कडी घालीन." आणि एकटी दळायला बसली की गायची,

*दाराची गो कडी, वारा वाजवून जाय,*
*उठून बघते बाय, उंबऱ्यात कोनी नाय.*

मी गंजले. वर चौकटीच्या कोयंड्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं.

साठी उलटलेला देवराम परतला. "आलात?" एवढंच म्हणून रंगू चुलीकडे वळली. दार उघडंच होतं, पण तो आत येईना. ओटीवर जेवायचा, ओटीवरच निजायचा. दिवस कलला की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, तुरुंगात मोजणीला राहतात तसा.

शेजारचा देवजी म्हणाला, "साऱ्या तालुक्याची दारं उघडलीस रे, आपलं लोटता येत नाय?"

"लोकांच्या दाराला कदी इचारलं नाय, देवजी. ह्या दाराला इचाराया लागंल."

पण विचारत नव्हता. मी आतून त्याच्या बोटांची वाट बघत होते.

महिन्याभराने एका सकाळी रंगूने उंबऱ्यावर तेलाची वाटी ठेवली. "कडी गंजलीय. ह्यातलं तुमच्यापरीस कोनाला कळतंय? घाला तेल."

वाटी उचलून तो उंबरा ओलांडून आत आला. त्याचं बोट माझ्यावरून फिरलं, वर कोयंड्याकडे गेलं आणि मातीच्या घरापाशी थांबलं.

मित्रांनो, लोखंडाला तेल लागतं, तसा हातही लागतो. तुमच्या उंबऱ्याबाहेर कोणी ताटकळत असेल, तर त्याला आत बोलवा. आम्हा कड्यांना बोलता येत नाही.

"रंगू," देवराम हळूच म्हणाला, "हितं तर माशीनं घर केलंय. कडी कवापासून घातलीच नाय?"

रंगू सुपातले तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमीच सांगून गेलतां ना, घालू नको म्हणून."