व्याह्यांची जागा

१९६८ साली आमच्या मामांना गालगुंड झालं, म्हणून मी फोटोग्राफर झाले. पन्नाशीच्या माणसाला गालगुंड होतं यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. मामांचाही नव्हता. गळ्याभोवती मफलर गुंडाळून ते स्टुडिओच्या आतल्या खोलीत बसायचे आणि गिऱ्हाईक आलं की पडद्यामागूनच बोलायचे.

स्टुडिओ म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, एक खुर्ची आणि दिवे. मागे फिल्म धुवायची अंधारी खोली. खिडकीशी माझं टेबल. टोकदार पेन्सिल आणि बारीक चाकू घेऊन मी निगेटिव्हवरच्या लोकांच्या सुरकुत्या भरायची, देवीचे व्रण पुसायची, पाठीमागे नको ते आलं असेल तर खरवडून काढायची. शिवाय आणखी एक काम. मामा फोटो काढायचे आणि मी लगेच फिल्म पुढे फिरवायची. त्यांनी दाबायचं, मी फिरवायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. माझं वय चोवीस.

एके दिवशी जिन्यात काठीचा आवाज आला, आणि प्रत्येक पायरीवर आकडा. "सोळा, सतरा, अठरा." आधी म्हातारे गृहस्थ आत आले, मागून त्यांची मुलगी. दोघं भांडतच आली होती.

"ताई, तुम्हीच सांगा यांना," ती मला म्हणाली. "माझं लग्न आहे. हे डोंगरावरच करायचं म्हणतात. वर लावलं तर यांना येता येत नाही. पायथ्याशी लावते म्हटलं तर हे येणार नाहीत."

"पायथ्याशी काय आहे? शेळ्यांच्या लेंड्या," म्हातारे म्हणाले. "सात वर्षांची असताना शिखरावर उभी राहून म्हणालीस, लग्न इथेच करणार. शब्द म्हणजे शब्द."

"सात वर्षांची असताना मी लिमलेटच्या गोळीशी पण लग्न करणार होते, बाबा."

"केलं असतंस तर बरं होतं. ती कमी बोलते."

गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी खांब रोवत डोंगर मोजले, आणि त्यातच दोन्ही गुडघे गेले. मुलीला ते करडू म्हणत. तिला डोंगरावर पहिल्यांदा त्यांनीच नेलं होतं. होणारा नवरा घड्याळजी होता. तोही डोंगरवेडा, आणि दोघांची गाठही तिकडेच पडलेली.

"बाबा नसतील तर डोंगर नको," मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता चढला नव्हता, उतरला होता. "सरळ नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करू."

म्हातारे खुर्चीवर टेकले. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे पाहत राहिले. लेकीचा डोंगर आपल्या गुडघ्यांपायी जावा, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि त्या दिवशी आपण खाली एकटे राहणार, हेही सोसत नव्हतं.

पडद्यामागून मफलरमधला आवाज आला. "डबल करा."

डबल ही मामांची खासियत. आमच्या भिंतीवर एक फोटो होता, त्यात एकच माणूस स्वतःशी पत्ते खेळत बसला होता. भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा आणि फोटो घ्यायचा. फिल्म फिरवायची नाही. मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावायचा आणि त्याच फिल्मवर पुन्हा घ्यायचा. दोन्ही अर्धे एकत्र येतात. म्हणजे बाबांना पायथ्याशी एका अर्ध्यात घ्यायचं, बाकीच्यांना शिखरावर दुसऱ्या अर्ध्यात.

"म्हणजे खोटाच फोटो," मुलगी म्हणाली.

"खोटा कसा?" म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. "दिवस एक, डोंगर एक, फिल्म एक. फरक फक्त उंचीचा. दोन हजार शंभर फूट."

"पण काढणार कोण?" मी विचारलं.

"तू," मामा म्हणाले. "आणि लक्षात ठेव, मधे फिल्म फिरवायची नाही. तुझ्या हाताला खोड आहे."

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला आम्ही पायथ्याशी जमलो. सगळे मिळून तेरा जण. मामांचे दोन कॅमेरे माझ्याजवळ होते. लहान इतर फोटोंसाठी, मोठा फक्त त्या एका फोटोसाठी. शिखरावर काळा खडक आहे म्हणून खालीही काळा खडक शोधला आणि म्हाताऱ्यांना त्याच्यासमोर उभं केलं. दुपारी बाराला वर ऊन कुठल्या बाजूने येईल, हे त्यांनीच काठीने जमिनीवर रेघ मारून मला दाखवलं.

मुलगी शेजारी उभी राहिली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती बाजूला झाली आणि हात तसाच हवेत राहिला. कॅमेऱ्यात बघायच्या काचेवर मी पेन्सिलीने त्यांच्या पंजाची, डोळ्यांची आणि पायांची खूण केली.

"काका, ती असेल तिथे बघा."

"खांब गेल्यावरही खांबाची जागा दिसते मला," ते म्हणाले, आणि बघितलं. हात तसूभरही हलला नाही. मी दाबलं. माझी बोटं आपसूक फिल्मकडे गेली, ती मी दुसऱ्या हाताने धरली. मग खिशातली चिकटपट्टी काढून फिरवायची चकती घट्ट बंद करून टाकली.

निघताना ते मुलीला म्हणाले, "वर पोचलीस की नाड्या सोडून परत बांध. उतरताना बूट सैल असला की अंगठा मार खातो."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत असणं वेगळं, बांधणं वेगळं."

मी त्याआधी कधी डोंगर चढले नव्हते. मोठा कॅमेरा तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरून चार तास चढले. माझ्या पुढे नवऱ्यामुलाची आत्या होती, सत्तरीची, भावाचे जुने बूट घालून. ती दर वळणावर थांबून माझी वाट बघायची आणि म्हणायची, "अगं, दम लागला असेल तर लागू दे, त्याला काय विचारतेस?" मागे नोंदणी कार्यालयातले कारकून, पाठीला मेणकापडात बांधलेलं रजिस्टर. वरिष्ठांनी परवानगी कशी दिली असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "नियमात कार्यालयापासूनच्या अंतराची अट आहे. उंचीची नाही."

शिखरावर वारा इतका होता की रजिस्टरच्या पानावर चार दगड ठेवावे लागले. नवऱ्यामुलाच्या हातून सही करताना पेन दोनदा निसटलं. घड्याळजी माणूस, मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवणारा! मुलीने सही केली आणि वडिलांचं नाव लिहिताना जरा थांबली. फिकट रंगाचा लग्नाचा पोशाख आणि खाली मातीने माखलेले बूट. लहान कॅमेऱ्यावर मी ते सगळं घेतलं.

मग मोठा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावला आणि काचेवरच्या खुणा बघत एकेकाला उभं करू लागले. मुलीच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी ठेवली.

"आत्या, जरा डावीकडे," मी आत्यांना म्हणाले.

"सरका हो," आत्यांनी कारकुनांना ढोसलं. "व्याह्यांच्या पायावर उभे आहात तुम्ही."

कारकून दचकून बाजूला झाले आणि त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "माफ करा." सगळे हसले. पण त्यानंतर त्या जागेतून कुणी गेलं नाही. पाण्याची बाटली द्यायची होती, तीसुद्धा वळसा घालून दिली.

"ताई, बाबांचे डोळे कुठे आहेत?" मुलीने विचारलं.

"खडकावर ती भेग आहे ना, तिच्या वर वीतभर."

तिने तिथे बघितलं. मी दाबलं.

मला एकदम हलकं वाटलं. पुठ्ठा काढून खिशात घातला. माणसं पांगली, गप्पा सुरू झाल्या. आणि मुलगी तिथल्या तिथे, त्याच मोकळ्या जागेतल्या एका बुटक्या दगडावर बसली, वाकली आणि नाड्या सोडून पुन्हा बांधू लागली. इतकी मन लावून, की मला राहवलं नाही. समोर मोठा कॅमेरा होता. मी दाबलं. मग हात फिल्म फिरवायला गेला आणि चिकटपट्टीला लागला.

दिवसभर फिरवायची नाही, फिरवायची नाही, असं घोकत होते. आणि फिरवायची तेव्हाच नेमकी फिरवली नव्हती.

मी कुणाला काही बोलले नाही. खाली आलो तेव्हा म्हातारे छत्री उघडून त्याच खडकापाशी स्टुलावर बसले होते. लेकीने मिठी मारली, जावई पाया पडायला वाकला तर त्याला उठवून जवळ घेतलं. मग मला त्यांनी हळूच विचारलं, "आलो का मी वर?"

"फिल्म धुतल्यावर कळेल, काका," मी म्हणाले आणि बुटांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली. जो फोटो ठरला होता, तो तसाही पुरता साधला नव्हता. वाऱ्याने मुलगी किंचित कलली होती आणि बाबांचा हात तिच्या खांद्यापासून दोन बोटं दूर हवेतच राहिला होता. त्यावर तिसरा फोटो सांडलेला. आत्यांना दोन नाकं. कारकून अर्धवट विरघळलेले. आणि म्हाताऱ्यांच्या काळ्या पँटीवर, त्यांच्या पुढ्यात, फिकट पोशाखातली वाकलेली मुलगी, धुरासारखी.

मामांनी निगेटिव्ह उजेडात धरलं. ओरडले नाहीत. ओरडायला गाल दुखत होते. "चाकू घे," म्हणाले. "ती खालची मुलगी खरवडून काढ, हात खांद्याला टेकव. दोन दिवसांचं काम. कुणाला कळायचं नाही."

ते खरं होतं, मला ते जमलं असतं. टेबलाशी बसून मी चाकू उचलला. पण "आलो का मी वर?" असं त्यांनी मला विचारलं होतं, मामांना नाही. उत्तर मीच द्यायचं होतं. मी आहे तशी एक प्रत काढली आणि त्यांच्या घरी गेले.

नकाशे बघायचं भिंग घेऊन ते खिडकीशी बसले. बराच वेळ गेला. माहेरी आलेली मुलगी स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती.

"ही खाली कोण?"

"तीच आहे. नाड्या बांधतेय. चूक माझी आहे, काका. मी फिल्म फिरवायला विसरले. दोन दिवसांत काढून टाकते."

त्यांनी मला हातानेच थांबवलं. हवेत राहिलेल्या त्यांच्या हाताच्या बरोबर खाली, थोडं अंतर सोडून, तिचं डोकं होतं. त्यांनी फूटपट्टी काढली. फोटोतली स्वतःची उंची मोजली, मग तिची. ओठांतल्या ओठांत हिशेब केला.

"करडू!" त्यांनी हाक मारली. "सात वर्षांची होतीस तेव्हा किती उंच होतीस?"

"मला काय माहीत? दाराच्या चौकटीवर बघा की!" आतून आवाज आला.

ते काठी न घेताच उठले. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघांची शिडी होती. एका रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. "पावणेचार फूट," म्हणाले. "फोटोतही पावणेचार." मग माझ्याकडे वळले. "पहिल्यांदा नेलं तेव्हा वर मीच बांधल्या होत्या नाड्या. याला चाकू लावायचा नाही, पोरी."

म्हातारे त्यानंतर अकरा वर्षं जगले. तो फोटो नकाशाशेजारी लावला होता, आणि आल्यागेल्याला ते सांगायचे की लेकीच्या लग्नाला आपण वर होतो. आत्या चौऱ्याण्णवच्या होऊन गेल्या. दोन नाकांबद्दल त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही, पण प्रत मात्र मागून घेतली. कारकून पुढे मोठे अधिकारी झाले आणि उंचीची अट त्यांनी कधीच घातली नाही. घड्याळजी गेल्याला सहा वर्षं झाली. करडूचे गुडघे आता बाबांच्या वळणावर गेलेत. ती फोन करते, तेव्हा आम्ही दोघी आधी गुडघ्यांबद्दलच बोलतो. मामांचं गालगुंड तीन आठवड्यांत बरं झालं, पण मोठा कॅमेरा त्यांनी माझ्याकडून परत मागितला नाही.

मी स्टुडिओ पुढे छत्तीस वर्षं चालवला. डोंगर पुन्हा चढले नाही. फोटो पुष्कळ काढले, आणि प्रत्येक वेळी फिल्म आठवणीने फिरवली.