चाकं धरून पंचावन्न

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, तिचं पत्र्याचं टोक बॅगेच्या चाकाखाली दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने ती सरळ वर हँडलपर्यंत ताणली. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि टेपला नाक लागेल इतकं वाकून आकडा वाचला.

"सत्तावन्न," ते म्हणाले.

"पंचावन्न," गल्ल्यामागून बॅगवाल्या बाई म्हणाल्या. "लेबलवर छापलंय."

"लेबलवाल्याने चाकं धरली नाहीत."

"चाकं कोण मोजतं हो?"

"विमानवाले मोजतात. मुलीने वाचून दाखवलंय मला. चाकं, हँडल, बाहेरचा खिसा, सगळं धरून. उंची पंचावन्न, रुंदी चाळीस, जाडी वीस. बोटभर जास्त भरली तरी दारात अडवतात, आणि बॅगेच्या किमतीहून मोठा दंड घेतात."

"मग मोजा सावकाश," बाई म्हणाल्या. "तिला कोट शिवणार असाल तर तसं सांगा. खांद्याचं माप मी धरते."

मास्तर हसले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांच्याशी कुणी थट्टेने बोललं नव्हतं. त्यांनी बॅग पुन्हा जागेवर ठेवली आणि शेजारची ओढली.

चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले होते. डोळे दगा द्यायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, दोन मशीनं विकली, एक घरी आणून खिडकीशी ठेवलं. गळ्यातली टेप मात्र तशीच राहिली. सकाळी आंघोळ झाली की हात आपोआप खुंटीकडे जायचा. बायको होती तोवर ती म्हणायची, आता कुणाचं माप घेणार आहात, भिंतींचं? तिला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि भिंतींचं माप घ्यायची वेळ खरोखरच आली होती. संध्याकाळी कॉटवर बसून समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग मागच्या महिन्यापेक्षा किती वाढला हे ते नजरेनेच सांगू शकत.

एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूरदेशी गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. तिथे ती एका प्रयोगशाळेत काम करायची. दर रविवारी फोन यायचा. कसे आहात, गोळ्या घेता ना, इथं सगळं ठीक आहे, ठेवते. मास्तर फोन यायच्या आधी घसा खाकरून तयार बसायचे, आणि घसा मोकळा होईपर्यंत फोन संपलेला असायचा.

मग एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुमचं तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यात. तीन आठवडे." आणि मास्तर काही बोलायच्या आत, "सगळ्यात स्वस्तातलं आहे हं. सोबत एकच लहान बॅग नेता येते. नीट मापाची घ्यायला हवी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. सोमवार होता. मास्तर दचकलेच. वाईट बातमीशिवाय सोमवारी फोन कशाला?

"मिळाली का बॅग?" तिने विचारलं. तिच्याकडे दुपार होती, जेवणाची सुट्टी. ती चालत होती, पावलांचा आवाज ऐकू येत होता.

मास्तरांनी दुकानात काय काय पाहिलं ते सांगितलं. चार चाकांची बॅग ढकलायला सोपी, पण चाकं बाहेर येतात आणि उंची वाढते. दोनच चाकं असली की ती आत बसलेली असतात. कडक कवचाची दिसायला झोकात, पण जरा दाबू म्हटलं तर दबत नाही. कापडाची दबते. मुलगी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. एकदा तर हसली. फोन ठेवल्यावर मास्तरांनी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं झाली होती.

मंगळवारी फोन आला, बुधवारीही.

गुरुवारी मास्तरांना बॅग मिळाली. करड्या कापडाची, दोन चाकांची, कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव नसलेली. काचेच्या कपाटातल्या बॅगेच्या निम्म्या किमतीला. त्यांनी ती उभी मोजली, आडवी मोजली, खिसा फुगवून मोजली. चाकं धरून चोपन्न. अस्तर उलटं करून टीप पाहिली, तीही सरळ होती, कोपऱ्यात दुहेरी मारलेली.

"झालं एकदाचं," पिशवीत बॅग घालताना बाई म्हणाल्या. "आता करमायचं नाही मला."

घरी आल्यावर मास्तरांनी ती कॉटवर ठेवली आणि शेजारी बसले. साडेपाचला फोन वाजला.

"मिळाली?" मुलीने विचारलं.

मास्तरांनी बॅगेकडे पाहिलं. मिळाली म्हटलं की काय होईल ते त्यांना दिसत होतं. अरे वा, छान झालं, ती म्हणेल. चला, मग ठेवते. उद्या शुक्रवार, परवा शनिवार, आणि फोन थेट रविवारी.

"नाही गं," ते म्हणाले. "एक होती चांगली. पण अर्ध्या इंचाने मार खाल्ला."

"असू दे. उद्या बघा अजून," ती म्हणाली, आणि मग ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या साहेबाची गोष्ट सांगायला लागली.

फोन ठेवल्यावर मास्तरांचे कान गरम झाले होते. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा इंच खोटा सांगितला नव्हता. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तर तेही तोंडावर सांगायचे. त्यांनी बॅग कॉटखाली सरकवली.

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले. निदान बाकीचं तरी खरं सांगता यावं म्हणून.

"काय झालं? बिघडली?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. शेजाऱ्यांसाठी बघतोय."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग गल्ल्यामागचं स्टूल उचलून बॅगांच्या रांगेपाशी आणून ठेवलं. "बसून मोजा. नाहीतर कंबर धरेल."

असे बारा दिवस गेले. जांभळ्या बॅगेचं हँडल आत जात नव्हतं. काळीची जाडी बावीस होती. एक अगदी बरोबर होती, पण रिकामीच इतकी जड की आत काही भरायची सोयच उरत नव्हती. मुलगी सगळं ऐकायची. कंटाळली आहे असं कधी वाटलं नाही. बॅगेवरून बोलणं कुठेही जायचं. तिच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या कुत्र्यावर, आईच्या साडीच्या घड्यांवर, मास्तरांनी तिला शिवलेल्या शाळेच्या पहिल्या गणवेशावर. तो वाढत्या अंगाचा म्हणून इतका मोठा शिवला होता की वर्गातल्या मुली तिला तंबू म्हणायच्या.

"तीन वर्षं पुरला तो," मास्तर म्हणाले.

"पुरला ना. तिसऱ्या वर्षी सगळ्या विसरल्या, पण नाव तंबूच राहिलं."

बोलता बोलता मास्तरांचा हात कॉटखाली जायचा. बॅग ओढून ते जवळ घ्यायचे आणि तिची चेन उघडायचे, लावायचे. बोलणाऱ्याने हातातल्या किल्ल्या वाजवाव्यात तसं.

एकदा त्यांनी विचारलं, "जावईबापूंना दोन शर्ट शिवून आणू का? डोळ्यांचं काय, सावकाश शिवीन. कॉलरचं माप तेवढं कळव."

"नको बाबा. जागा होणार नाही बॅगेत."

"दोन शर्टांना काय जागा लागते?"

"राहू दे ना." मग थोड्या वेळाने, "तुम्ही पलंगावर झोपा हं इथे. मी खाली गादी टाकीन."

"आणि ते?"

"तो फिरतीवर असतो हल्ली."

मास्तरांनी चेन लावली. लग्नात जावयाचा कोट त्यांनीच शिवला होता. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता, ते कुणाला दिसू नये म्हणून आत भर घातली होती. त्या रात्री त्यांनी जुन्या वहीत ते माप शोधलं. सापडलंही. पण कापड आणायला ते गेले नाहीत.

जायला दहा दिवस उरले तेव्हा बॅगवाल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? शेजाऱ्यांना कुठे जायचंय?"

मास्तरांच्या हातात टेप होती. त्यांनी ती बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुम्ही यायला माझी काही ना नाही," बाई म्हणाल्या. "दुपारी इथे चिटपाखरू नसतं. पण साडेपाचच्या फोनसाठी तुम्ही रोज लगबगीने निघता, म्हणजे तिकडे कुणीतरी रोज वाट बघतंय की बॅग मिळाली का. त्या जिवाला काळजी लागली असेल."

त्या दिवशी मास्तर काही न मोजता घरी आले.

दुसरा दिवस रविवारचा. मुलीला सुट्टी असल्याने फोन तिच्या घरून आला. मागे पावलं नव्हती, रस्ता नव्हता. मास्तरांनी बॅग ओढून समोर ठेवली होती आणि दोन्ही हात मांडीवर धरले होते.

"मिळाली का?" तिने विचारलं.

"मिळाली," मास्तर म्हणाले. "कधीचीच मिळालीय. तू तिकीट काढल्याचं सांगितलंस ना, त्याच आठवड्यात. कॉटखाली ठेवली होती. मी खोटं बोललो तुझ्याशी."

फोन तुटला असं वाटून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

"मला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

"कसं?"

"चेनचा आवाज येतो, बाबा. रोज. तुम्ही उघडझाप करत असता."

मास्तरांनी बॅगेकडे पाहिलं.

"मग रोज का विचारायचीस?"

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असलं की मध्ये बोलायचं नसतं, हे ते जन्मभर पाळत आले होते. समोरच्या भिंतीवर उन्हाची एक पट्टी होती. ती डागाच्या कडेला येईपर्यंत ते थांबले.

"इथे मी एकटीच असते," मुलगी शेवटी म्हणाली. "तो गेला. सात महिने झाले. फिरतीवर नाही, असाच गेला. मोठं घर सोडलं मी. आता एक खोली आहे." तिचा आवाज सरळ होता, बॅगेचे आकडे वाचून दाखवताना असायचा तसाच. "रविवारी तुम्ही विचारायचात, कशी आहेस, आणि मला तेवढ्यात सांगता यायचं नाही. म्हणून लवकर ठेवायचे. बॅगेचं बोलता यायचं."

मास्तरांच्या मनात बरंच आलं. कोटाच्या खांद्यात भरलेला कापूस आला. सात महिन्यांचे रविवार आले, एकेक करून, आणि त्या प्रत्येक रविवारी आपण गोळ्या घेतल्याचं सांगत होतो हेही आलं. हे आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न जिभेवर येऊन बसला. तो त्यांनी गिळला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"घरात आहे काही?"

"भात आहे. कालचा."

"गरम कर."

"करते नंतर. तुमच्याशी बोलून झालं की..."

"आत्ता कर. फोन ठेवू नकोस. बाजूला ठेव आणि जेवायला बस. मी आहे इथे."

"बाबा, तुम्ही काय करणार तेवढा वेळ?"

"मला कुठे जायचंय?"

फोन कुठल्या तरी कठीण पृष्ठभागावर ठेवल्याचा टक्क आवाज आला. मग दार उघडल्याचा, भांड्याचा, पेटत्या शेगडीचा. एकदा तिने नाक ओढलं. ताट ठेवलं गेलं. खुर्ची सरकली.

"बसले," ती लांबून म्हणाली.

"हं," मास्तर म्हणाले.

चमचा ताटाला लागत होता, थांबत होता, पुन्हा लागत होता. मास्तर मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले. भिंतीवरची उन्हाची पट्टी निघून गेली. हाताला मुंग्या आल्या. पलीकडे पाण्याचा पेला उचलून ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिने आणखी भात वाढून घेतला असावा, कारण चमचा परत वाजायला लागला. मास्तरांनी हळूच, आवाज न करता, फोन दुसऱ्या कानाला लावला.